चौथा रकाना

रुग्णालयातून घरी सोडताना हातात एक कागद पडतो. त्यावर औषधांची नावं आणि प्रत्येक नावापुढे तीन आकडे असतात: १-०-१, ०-०-१, १-०-०. सकाळ, दुपार, रात्र. लकवा मारून गेलेल्या माणसाच्या कागदावर अशा पाच-सहा ओळी सहज असतात. रुग्णालयात होता तोवर सिस्टर वेळेवर येऊन गोळी हातावर ठेवत होत्या, गिळली की नाही ते पाहत होत्या. घरी आल्यावर पहिल्याच रात्री ते काम बायकोकडे, मुलाकडे किंवा सुनेकडे येतं. पहिला महिना सगळे डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. पेशंट काठी टेकत अंगणात चालायला लागतो, घराचा जीव भांड्यात पडतो, आणि नेमक्या त्याच सुमाराला गोळ्या राहायला लागतात. एखाद्या रात्री लग्नाहून परतायला उशीर होतो. एखाद्या आठवड्यात स्ट्रिप संपलेली असते आणि मेडिकलमध्ये जायला कुणाला सवड होत नाही.

राहिलेली गोळी दुखत नाही, खुपत नाही. रक्तदाब वर सरकतो त्याचाही पत्ता लागत नाही. म्हणून तिची आठवण बाहेरून कुणीतरी करून द्यावी लागते, आणि त्यासाठी घरात हाताशी असलेली वस्तू म्हणजे मोबाइल फोन. फोनने खरंच फरक पडतो का, आणि पडतो तर कशामुळे, हे अमेरिकेत, कराचीत, भारतातल्या रुग्णालयांत आणि चीनमधल्या खेड्यांत मोजून पाहिलं गेलं आहे. स्ट्रोकचा पेशंट असलेल्या प्रत्येक घराने ती मोजणी समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

कागदावरच्या ओळी काय करतात

ब्रेन स्ट्रोक, पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा ही एकाच घटनेची नावं. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटतो आणि तिथल्या पेशी मरायला लागतात. बहुतेकांच्या बाबतीत रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. काहींच्या बाबतीत रक्तवाहिनीच फुटते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की तडक रुग्णालय गाठायचं. ती लढाई काही तासांची. त्यानंतर सुरू होते ती दुसरा झटका टाळण्याची लढाई, आणि ती वर्षानुवर्षं चालते. अमेरिकेतल्या नोंदींनुसार दर चार स्ट्रोकपैकी जवळपास एक हा आधी स्ट्रोक होऊन गेलेल्या माणसाला आलेला असतो.

कागदावरच्या ओळी याच दुसऱ्या झटक्यासाठी आहेत. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटू देत नाही. अ‍ॅस्पिरिन लागलेली बिंबिका आयुष्यभरासाठी निकामी होते, पण तिचं आयुष्यच सात ते दहा दिवसांचं. शरीर रोज नव्या बिंबिका तयार करतं, म्हणून गोळीही रोज लागते. स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा थर फुटू नये म्हणून मदत करतं. बीपीची गोळी भिंतीवरचा दाब कमी करते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रेस’ या चाचणीत ६,१०५ रुग्ण होते. रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांनी त्यांच्यातला पुन्हा स्ट्रोक येण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटला.

काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, हृदयात गुठळी होते आणि तीच पुढे मेंदूत जाते. त्यांना रक्त पातळ ठेवणारी वेगळी गोळी लागते. यातल्या नव्या औषधांचा अंमल काही तासांतच ओसरायला लागतो, म्हणजे एखादा दिवस चुकला तरी संरक्षण उघडं पडतं. आणि ज्यांची रक्तवाहिनी फुटून स्ट्रोक आला, त्यांना रक्त पातळ करणारी गोळी सहसा देत नाहीत; त्यांचा सगळा भार बीपीच्या गोळीवर असतो. शेजारच्या काकांना स्ट्रोक आला तेव्हा दिलेल्या गोळ्या आपल्या वडिलांना चालतील असं समजणं म्हणूनच घातक.

गोळी का राहते

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घ आजारांच्या औषधांवर एक अहवाल काढला. विकसित देशांतसुद्धा असे निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात, असं त्यात म्हटलं होतं. २०११ साली ‘प्युअर’ नावाच्या पाहणीने सतरा देशांत घरोघरी जाऊन विचारलं. ज्यांना हृदयविकार किंवा स्ट्रोक होऊन गेला होता अशांपैकी गरीब देशांतले ८०.२ टक्के लोक पुढचा झटका टाळणारं एकही औषध घेत नव्हते. त्या गटात भारत होता.

याची सावली आपल्याकडे कुठपर्यंत पोचली आहे ते गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतल्या संशोधकांनी तिथल्या ८६ गावांतले मृत्यू दोन वर्षं नोंदवले आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ स्ट्रोकमुळे झाले होते. मृत्यूच्या कारणांत तो पहिल्या क्रमांकावर होता. स्ट्रोक हा शहरातल्या बैठ्या, सुखवस्तू माणसांचा आजार, हा समज त्या गावांनी खोटा ठरवला.

गोळी राहण्याची कारणं घरोघर ओळखीची आहेत. ‘आता बरं वाटतंय, मग कशाला?’ ‘गोळ्यांची सवय लागते.’ ‘औषध गरम पडतं.’ एकादशीला उपाशीपोटी गोळी नको म्हणून सोडलेली असते. गावच्या औषधाने गुण येईल असं कुणी सांगितलं म्हणून थांबवलेली असते. महिनाअखेरीला पैसे नसल्याने पाचपैकी दोनच आणलेल्या असतात. याशिवाय एक कारण स्ट्रोकच्या पोटातच असतं: ज्या मेंदूने गोळी लक्षात ठेवायची, त्यालाच इजा झालेली असते. विसर पडतो. शब्द सापडत नाहीत, म्हणून गोळी संपल्याचं सांगता येत नाही. उजवा हात चालत नाही, मग स्ट्रिपमधून गोळी काढायची कशी? गिळताना ठसका लागतो, त्याची भीती बसते. आणि स्ट्रोकनंतर जवळपास तीनात एकाला नैराश्य येतं. जगण्यातच रस उरला नाही तर माणूस कुणासाठी गोळी घेणार?

ही यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. यातला विसर तेवढा गजराने दूर होईल. भीती, गैरसमज, रिकामा खिसा आणि उदास मन यांना गजर ऐकूच जात नाही.

फोनकडून काय झालं

गोळ्यांची आठवण करणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘मेडिसेफ’ हे जगभर वापरलं जाणारं नाव. इस्रायलमधल्या दोन भावांनी ते २०१२ च्या सुमारास सुरू केलं. त्यांच्या मधुमेही वडिलांनी इन्सुलिन घेतल्याचं विसरून पुन्हा घेतलं होतं आणि जिवावर बेतलं होतं. अशा अ‍ॅपचं काम सरळ असतं. कागदावरचं १-०-१ त्यात एकदा भरायचं, वेळ झाली की फोन वाजतो, गोळी घेतली की खूण करायची. खूण झाली नाही तर आधी नेमून दिलेल्या नातेवाइकाच्या फोनवर सूचना जाते. स्ट्रिप संपत आली की तेही कळतं.

त्याची कसोटी अमेरिकेत झाली. रक्तदाब आटोक्यात नसलेल्या ४११ जणांपैकी निम्म्यांना ते अ‍ॅप दिलं, बारा आठवडे पाहिलं आणि २०१८ साली निकाल मांडला. अ‍ॅपवाले गोळ्या थोड्या अधिक नियमित घेतो असं स्वतः सांगत होते. रक्तदाब मात्र दोन्ही गटांत सारखाच, दहाएक अंकांनी उतरला. फोनवर केलेली खूण आणि शरीरात झालेला बदल यांच्यात अंतर राहिलं. ‘घेतली’ असं बटण दाबायला एक क्षण लागतो, गोळी टेबलावरच असली तरी.

कराचीच्या आगा खान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी खास स्ट्रोकच्या रुग्णांसाठी याहून साधा मार्ग धरला. दोनशे रुग्ण, दोन महिने, आणि स्मार्टफोनची गरज नसलेले साधे एसएमएस. संदेश प्रत्येकाच्या औषधांच्या वेळांप्रमाणे जायचे आणि गोळी घेतल्याचं उत्तर रुग्णाने पाठवायचं. २०१५ साली निकाल आला. औषध नियमित घेण्याच्या आठ गुणांच्या मोजपट्टीवर एसएमएसवाल्यांना सरासरी ७.४ आणि बाकीच्यांना ६.७ गुण पडले. रक्तदाबाचा खालचा आकडाही थोडा उतरला. सुधारणा लहान होती, पण होती. दोन महिन्यांनंतर ती टिकते का हा प्रश्न उरलाच.

त्याचं उत्तर शोधायला भारतात फार मोठी चाचणी झाली. नाव ‘स्प्रिंट इंडिया’. देशातली ३१ स्ट्रोक केंद्रं, ४,२९८ रुग्ण, नेतृत्व लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं, पाठबळ भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं. निम्म्या रुग्णांना वर्षभर एसएमएस, आरोग्याचे छोटे व्हिडिओ आणि एक वही दिली, तीही बारा भाषांत. २०२३ साली निकाल छापून आला. वर्षाच्या आत पुन्हा स्ट्रोक, हृदयाचा झटका किंवा मृत्यू यांपैकी काही घडलेले रुग्ण संदेशांच्या गटात ५.५ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४.९ टक्के. म्हणजे झटके टळले नाहीत. औषध घेण्यात आणि दारू सोडण्यात थोडी सुधारणा दिसली, इतकंच.

हा निकाल निराश करणारा वाटला तरी तो काळजीपूर्वक वाचायला हवा. हे रुग्ण मोठ्या केंद्रांत उपचार घेतलेले होते. तिथले डॉक्टर, तिथली समजावणी आणि पुढच्या तपासण्या दोन्ही गटांना मिळत होत्या. ज्याला आधीच नीट सांभाळलं जातं त्याच्या ताटात एसएमएसने फारशी भर पडली नाही. मग जिथे मेंदूविकारतज्ज्ञ शंभर किलोमीटरवर आहे, तिथलं काय?

नान्हे तालुक्यातली पन्नास गावं

हेच चीनच्या हबेई प्रांतातल्या नान्हे तालुक्यात तपासलं गेलं. चाचणीचं नाव ‘सिनेमा’. पन्नास गावं, स्ट्रोक होऊन गेलेले १,२९९ रुग्ण, बहुतेक वयस्क, फारसे न शिकलेले. इथे अ‍ॅप रुग्णाला दिलंच नाही. ते दिलं गावच्या डॉक्टरला. चीनमध्ये गावोगावी असे थोडंफार प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, त्याच गावात राहणारे आणि सगळ्यांना नावाने ओळखणारे. त्यांना स्ट्रोकनंतरच्या देखभालीचं शिक्षण दिलं. दर महिन्याला त्यांनी रुग्णाला भेटायचं, रक्तदाब मोजायचा, गोळ्या विचारायच्या. काय विचारायचं, काय मोजायचं, कुणाची भेट राहिली आहे, हे अ‍ॅप त्यांना सांगायचं. चांगल्या कामाचा मोबदलाही ठेवला होता. रुग्णाच्या फोनवर रोज एक आवाजी निरोप यायचा, कारण अनेकांना वाचता येत नव्हतं.

वर्षभरानंतर वरचा रक्तदाब दुसऱ्या गावांच्या तुलनेत २.८ अंकांनी अधिक उतरला होता. चाचणी मुख्यतः तेवढंच मोजण्यासाठी आखलेली होती. पण गोळ्या घेणारे वाढले, माणसं अधिक हिंडूफिरू लागली, आणि पुन्हा स्ट्रोक आलेल्यांचं प्रमाण ९.३ टक्क्यांच्या जागी ४.४ टक्के निघालं. अपंगत्वही कमी दिसलं. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच तालुक्यातली, एकाच वर्षाची गोष्ट म्हणून त्यांना मर्यादा आहेत. तरीही या चारही चाचण्या शेजारी शेजारी ठेवल्या की मला त्यांतून एकच अर्थ निघताना दिसतो. फोन जेव्हा एकट्या रुग्णाशी बोलतो तेव्हा त्याचा उपयोग थोडा असतो. तोच फोन रुग्ण आणि त्याची काळजी घेणारा माणूस यांना बांधून ठेवतो तेव्हा तो मोठा होतो.

महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. त्यात वापरलेलं ‘सिंपल’ नावाचं अ‍ॅप नर्सच्या हातात असतं. रुग्णाच्या कार्डावरचा कोड स्कॅन केला की त्याचे जुने रक्तदाब आणि चालू गोळ्या समोर येतात. जे रुग्ण तारीख उलटूनही आले नाहीत त्यांची यादी तयार होते आणि नर्स त्यांना फोन लावते. ‘काका, गोळ्या संपल्या असतील ना, कधी येताय?’ एवढ्या एका वाक्यात पेशंटला कळतं की आपली कुणीतरी वाट पाहत आहे. स्ट्रोक होऊन गेलेल्यांची अशीच वेगळी यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी आणि ती आशाताईंच्या फोनवर दिसावी, हे अशक्य नाही.

इजा झालेल्या मेंदूसाठी पडदा

आजची बरीचशी अ‍ॅप धडधाकट माणसाच्या कल्पनेने बनलेली आहेत. स्ट्रोकच्या रुग्णाला त्यांतली कितीतरी निरुपयोगी ठरतात. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काही जणांना डाव्या बाजूचं भानच राहत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. अशा माणसाला पडद्याच्या डावीकडचं बटण दिसणार नाही. डाव्या बाजूला इजा झाली तर अनेकदा भाषा जाते. त्याला मजकुरापेक्षा गोळीचा फोटो कळतो. एकाच हाताने फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने बटण दाबायचं, तर बटण मोठंच हवं. आणि निरोप मराठीत, आवाजात हवा. तो नातीच्या आवाजात रेकॉर्ड करता आला तर आजोबा नक्की ऐकतील. चांगलं अ‍ॅप निवडताना घरच्यांनी या गोष्टी पाहाव्यात आणि आपल्या तरुण अभियंत्यांनी त्या बनवताना ध्यानात ठेवाव्यात.

घरी काय करता येईल

सुरुवात अ‍ॅपपासून करू नका, कागदापासून करा. घरी सोडण्याआधी डॉक्टरांना किंवा सिस्टरना प्रत्येक ओळ विचारा: ही कशासाठी, किती दिवस, चुकली तर काय करायचं? काही गोळ्या तीन आठवड्यांनी थांबवायच्या असतात, बाकीच्या कायमच्या. हे कळलं नाही तर थांबवायची ती चालू राहते आणि चालू ठेवायची ती थांबते.

सात दिवसांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणा आणि दर रविवारी भरा. फोन वाजला की डबीकडे पाहायचं. कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतलेली आहे. दोनदा घेण्याचा धोका टळतो. गजर रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधा: सकाळचा चहा, देवापुढचा दिवा, रात्रीचं जेवण. सवय लागली की गजर हळूहळू मागे पडतो, आणि तसंच व्हायला हवं.

एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नका. कोणती गोळी किती तासांपर्यंत उशिरा चालते हे औषधागणिक बदलतं, म्हणून ते आधीच विचारून लिहून ठेवा. गिळायला त्रास होत असेल तर मनानेच गोळ्या कुटू नका. काही गोळ्यांवरचं आवरण आणि काही कॅप्सूल फोडायच्या नसतात. बीपीचं यंत्र घेणं परवडत असेल तर घ्या आणि आकडे फोनमध्ये टिपा, कारण गोळ्या लागू पडत आहेत की नाही हे त्या आकड्यांतूनच कळतं. गोळ्यांचा खर्च झेपत नसेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा. जनऔषधी केंद्रात याच औषधांच्या स्वस्त गोळ्या मिळतात आणि बीपीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. अ‍ॅपमध्ये आजाराची माहिती भरताना ती कुणाला दिसणार हेही वाचून घ्या.

मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आणि आई-वडील गावी, अशी घरं आता कितीतरी आहेत. तिथे खूण झाली नाही की मुलाच्या फोनवर सूचना येते, हे वरदानच. पण सूचना आल्यावर त्याने रागावायला फोन करू नये. ‘आई, जेवलीस का?’ असं विचारावं, बोलता बोलता गोळीवर यावं. आणि शेजारच्या कुणाचा तरी नंबर जवळ ठेवावा, जो उठून घरात डोकावू शकेल.

म्हणून माझी एक विनंती आहे. आज संध्याकाळी तो कागद बाहेर काढा. औषधाचं नाव, वेळ आणि मात्रा असे तीन रकाने त्यावर असतीलच. पट्टी घेऊन शेजारी चौथा रकाना आखा आणि प्रत्येक वेळेसमोर एका माणसाचं नाव लिहा. सकाळी कोण पाहणार, रात्री कोण विचारणार, स्ट्रिप संपली की कोण आणणार. मग फोनवर गजर लावा. तो वाजल्यावर कुणी उठायचं, हे आता घरात ठरलेलं असेल.